सातव्या दिवसाची सांज

माझं माहेर पुसेगावकडचं, मांगवाड्यातलं. बाप घायपाताचा वाख काढून दोर वळायचा आन माय दळायची. जलमल्यापासून मला जर कायचा आवाज ठावा असंल तर तो जात्याचा, कारण माय सांगायची, तू मांडीवर दूध पिऊन राहायची आन मी एका हातानं खुंटा फिरवायची. म्हणून दळायला बसले की मला अजूनबी गुंगी येते, ताई, जागी हाय का झोपीत हाय ते कळत न्हाई, पीठ आपलं पडून राहतं कडंकडंनं. लग्न झालं तवा मी बारा-तेरा वर्षांची असंल. निजामाचं राज होतं. सासर हे बाळापूरपासून दोन कोसांवर, पैनगंगेच्या अंगाला. घरात आमी तिघंच, मी, मालक आन माझी सासू धोंडाबाई.

सासूचं काय सांगू तुमाला. एवढीशी वाळकी बाई, पण जात्यावर बसली की दोन बायांचं दळण एकटी उतरवायची. तिला एकच भ्या होतं. तरुणपणी पटकी आली आन एका आठवड्यात तिचा नवरा गेला, दोन पोरी गेल्या, मालक तेवढे राहिले. त्या आठवड्यात जातं गप होतं. तवापासून तिच्या डोक्यात बसलं, जातं गप झालं की घरात मरण शिरतं. तिचंबी अगदीच खोटं नव्हतं म्हणा. आमच्याकडं पहाटं घराघरातून घरघर ऐकू येते, आन ज्या घरातून येत न्हाई तिथं माणसं इचारायला जातात, कोण गेलं म्हणून. म्हणून अंगात ताप असला तरी ती मूठभर जोंधळा टाकून दोन फेरे फिरवायचीच.

मग मालकांनी येशूचं पाणी घेतलं, बाप्तिस्मा म्हणतात तो, माझाबी झाला. हिंगोलीकडून सायकलवर एक मास्तर यायचा, येशुदास नावाचा, लिंबाखाली बसून शास्त्र वाचायचा. तो म्हणला, सहा दिस काम आन एक दिस शब्बाथ, आपण रविवार पाळायचा, त्या दिवशी दळायचं न्हाई का सरपण आणायचं न्हाई. आमच्या शेजारी पिंजाऱ्याची काशिमबी राहायची, तिला शब्बाथचं शबेबरात ऐकू आलं, त्यांचा सण, आन ती लई हसली. म्हणली, हमारी तो साल में एकच बार आती, तुमची दर आठ दिवसाला काहून गं?

पयल्या रविवारी मी जात्याला हात लावला न्हाई. दिस वर येईपर्यंत तीन बाया दारात. समद्यांच्या आधी काशिमबी, पदराखाली भाकरी घेऊन. मयताच्या घरी चूल पेटत न्हाई म्हणून बिचारीनं करून आणली होती. माझ्या सासूनं ती भाकरी बघितली. मला बाजूला लोटलं, मूठभर जोंधळा टाकला आन फिरवाय लागली. तवापासून दर रविवारी हेच, मी बसायची आन ती दळायची. मीबी काय गरीब गाय नव्हते, ताई. तोंडाला तोंड द्यायची, म्हणायची, माझ्या देवानं दिलेला दिस तुमी काहून नासवता? ती म्हणायची, तुझा देव नवा हाय, त्यानं अजून या घरातलं काय बघितलं न्हाई.

एकदा मास्तरनं शास्त्राचं पयलं पान काढलं. देवानं उजेड केला, सांज झाली, पहाट झाली, पयला दिस. आभाळ केलं, सांज झाली, पहाट झाली, दुसरा दिस. सासू आमच्याकडं पाठ करून जोंधळे पाखडत होती, मला वाटलं हिचं काय ध्यान न्हाई. दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या झोपीत, आन जात्यावर तिची ओवी चाललेली. पयली ओवी उजेडाला, दुसरी आभाळाला, तिसरी झाडाझुडपाला, चौथी चांदसुर्याला, पाचवी पाखराला आन माशाला, सहावी मातीच्या माणसाला. तिचा आवाज लांबून आल्यावानी वाटायचा, आन मला तर सपनच पडून राहिलं होतं की पिठातूनच समदं निघून राहिलं, डोंगर, झाडं, माणसं. मग जातं थांबलं. मी दचकून उठले. ती म्हणली, अगं, सातव्या दिवशी सांज झाली असं तो म्हणलाच न्हाई.

मास्तर पुन्हा आला तवा तिनं आपण होऊन इचारलं. काहून हो मास्तर, सहा दिवसांची सांज सांगितली, सातव्याची इसरले का लिहायला? मास्तरनं पान बघितलं, मागं गेला, पुढं गेला, पुन्हा बघितलं. म्हणला, बराबर हाय माय, लिहिलेली न्हाई. मी इतकी वर्षं वाचून राहिलो, माझ्या ध्यानात आलं न्हाई. आन तसाच सायकल घेऊन गेला.

महिन्यानं आला तो पार पुस्तकाच्या मागल्या अंगाचं शोधून आला. म्हणला, येशूच्या नंतर लिहिलेल्या एका पत्रात तोच धागा हाय, की देवाचा तो इसावा सरलेला न्हाई, अजून बाकी हाय, थकलेल्यानं आत यावं. मग त्यानं येशूच्या मरणाचं सांगितलं. सहाव्या दिवशी त्यानं क्रुसाच्या लाकडावर जीव सोडला, सोडताना म्हणला, पुरं झालं. पयल्या पानावर देवाचं काम पुरं झालं म्हणलंय, तसलाच सबूद. दुसरा दिस इसाव्याचा, तवा तो कबरीत निजलेला, आन त्याच्या मागं फिरणाऱ्या बाया मयताला लावायचे सुगंधी मसाले तयार करून घरातच बसून राहिल्या, कारण त्या दिवशी काम करायचं न्हाई. सासूनं सूप खाली ठेवलं. म्हणली, म्हंजे मयताचं गप बसणं आन इसाव्याचं गप बसणं एकच झालं? मास्तर म्हणला, त्या दिवशी एकच झालं. मग पुढं? पुढं आठवड्याच्या पयल्या दिवशी पहाटं एक बाई मळ्यात रडून राहिली होती, समोर माणूस उभा, तिला वाटलं माळी असंल, आन तो येशूच होता, कबरीतून उठलेला.

सासूनं सूप पुन्हा उचललं. मग म्हणली, म्हंजे पुन्हा पयली ओवी.

तिनं पाणी घेतलं न्हाई. या वयात मरीआईला नाराज करू का म्हणली, आन मीबी मागं लागले न्हाई. रविवारी मूठभर टाकायची सवय काय लगेच गेली न्हाई, पण हळूहळू ती खुंट्यावर नुसता हात ठेवून बसाय लागली. एका रविवारी तर दिस अंगणात आला तरी झोपलेली. मी जाऊन तिच्या नाकापाशी हात धरला, श्वास चालू होता. मला रडूच आलं, ताई. त्या बाईला मी पयल्यांदाच इतकी झोपलेली बघितली.

मग हे गडबडीचं साल आलं. निजामाचे रझाकार येऊन राहिले म्हणून उन्हाळ्यात समदं गाव नदी उतरून वऱ्हाडात गेलं, काशिमबीचं घरबी भ्यानं तिच्या माहेरी गेलं. सासू तापानं फणफणलेली. मालकांनी झोळी करून तिला उचललं, पण गावच्या येशीपर्यंतबी तिला झेपलं न्हाई, माघारी आणलं. आमी तिघं आतून कडी लावून राहिलो. दुसऱ्या दिवशी पहाटं मी जागी झाले तर कुठं जात्याची घरघर न्हाई, गाय न्हाई, कोंबडा न्हाई. आपलं जातं फिरवावं तर आवाज लांब जाईल, कुणी ऐकलं तर? आन न फिरवावं तर हिला ते कळंल. वळून बघते तर तिचे डोळे उघडे.

म्हणली, अगं, जातं काहून गप हाय?

माझ्या तोंडातून निघून गेलं, आत्याबाई, आज रविवार हाय.

समद्या गावात?

व्हय, समद्या गावात.

ती हसली थोडीशी. म्हणली, मग आज काशिमबीबी बसली असंल. आन कूस बदलली, गालाखाली हात घेतला. दुपारपर्यंत गेली. आमी दोघांनीच तिला माती दिली.

आता निजामाचं राज गेलं, माणसं माघारी आली, मास्तरबी आला. त्याला मी सांगितलं, मास्तर, मी लबाड बोलले, मरणाऱ्या माणसापाशी. तो म्हणला, त्या सातव्या दिवसाची सांज अजून झालेली न्हाई माय, त्यात तुझं सांगणंबी बसंल. त्यानं शास्त्रातून सांगितलं का माझी समजूत घातली ते मला बराबर कळलं न्हाई. मी आपली रोज दळते, रविवारी बसते. बसले की देवाला एवढंच म्हणते, बाप्पा, तो बुधवार होता, माझ्या नावावर लिहून ठेव, पण तिला उठवून सांगू नको.