सुध्याचा अ‍ॅक्सोलॉटल

आमच्या सुध्याला ज्ञान पाजळायची भारी खाज. ती त्याला कशी भोवली ऐका.

जळगावात त्याच्या घरी मुलीकडचे घर बघायला आले होते. सुध्याचं वय मध्यस्थाने सव्वीस सांगितलेलं. हा डोक्याला कलप लावून ऐटीत बसलेला, समोर त्याचे वडील आणि मित्र म्हणून मी. मुलीचे आजोबा, नाना, पारोळ्याच्या बैलबाजारातले जुने दलाल. पोहे खाता खाता त्यांची नजर काचेच्या पेटीकडे गेली. आत सुध्याचा लाडका अ‍ॅक्सोलॉटल, म्हणजे गालांना झालरी फुटलेली गुलाबी पालच म्हणा.

"नर का मादी?" नानांनी विचारलं.

"नर. शेपटीच्या मुळाशी फुगवटा आहे बघा," सुध्या खुलला.

"आनि वय? बैलना दात दखीसन समजस. याना दात कोठे शेतस?"

इथे तरी गप्प बसावं ना! पण नाही.

"नाना, याचं वय बघून कळतच नाही. एकदा वाढला की वर्षानुवर्षं तसाच दिसतो. पाळणाऱ्यालाच खरं ठाऊक. मी बी.एस्सी. झालो तेव्हा एवढंसं पिल्लू आणलं होतं. आज बारा वर्षांचा आहे!"

मी टेबलाखालून लाथ मारली, ती त्याच्या वडिलांना लागली.

मुलीची आई कौतुकाने म्हणाली, "अगंबाई! म्हणजे तुम्ही चौदाव्या वर्षीच बी.एस्सी. झालात?"

नानांनी बशी खाली ठेवली. "जनावर झकास शे," ते म्हणाले. "आते मालकना दात दखना पडतीन."

सुध्याने ओठ घट्ट मिटून घेतले.