मांड्या दुखतच नाहीत

बाळ पोहून दमलं होतं. त्याला मांडीवर घेऊन मी बायकांच्या सौनात, चढत्या बाकांच्या त्या गरम खोलीत, जरा ऊब घेत होते. मागे दोन आजीबाई बोलत होत्या.

"राईली, माझा व्यायाम फुकट चाललाय गं. आता मांड्या दुखतच नाहीत."

"मग रडतेस कशाला, इर्या?"

"दुखल्याशिवाय ताकद येते होय? गुडघा सुधारून पायऱ्या चढता आल्या नाहीत तर पोरगा माझं बेटावरचं घर विकणार म्हणतोय."

"सवय नव्हती तेव्हा दुखलं. अंग सरावलं, बये."

"उगाच समजूत घालू नकोस."

"बरं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सौनात कुठे बसायचीस?"

"खालच्या बाकावर. वर कुठे चढवत होतं?"

"आणि आत्ता?"

"अगं बाई! सगळ्यात वर!"

"कठडासुद्धा धरला नाहीस. मीच धापा टाकत मागून आले."

"सरक, पोराला फोन करते!"

"अगं, आधी अंगावर काही घाल!"