भाऊजींच्या भांडणासकट पुस्तक

अहो, मी वांगी चिरत बसले होते आणि पुण्याहून प्रकाशकांचा फोन आला! हे गेल्यावर मी जातिभेदाविरुद्ध फेसबुकवर लिहायला लागले, त्याचं पुस्तक करायचं म्हणे! वर म्हणाले, "प्रत्येक लेखाखाली तुमच्याशी भांडणारे ते गृहस्थही हवेत. त्यांच्याशिवाय मजा नाही."

ते गृहस्थ म्हणजे माझे मलकापूरचे दीर. भीत भीतच त्यांना विचारलं.

"छापा ना, वहिनी! माह्यं नाव मोठ्या अक्षरात टाकजा!"

"टाकते. पण भाऊजी, जातीपायी मजुरांना शेतावर वेगळा कप ठेवलाय, तो आधी काढा."

"हाव, उद्याच काढतो!"

पुस्तक आलं. भाऊजी गावभर दाखवत फिरतात. कप काढायचा मात्र राहिलाय.