प्रदीपचं नाव वंशावळीत राहील

जय भीम. नमस्कार. कामधंदा टाकून, उन्हातान्हातून आपण सगळे आलात. आयुष्यभर मी वर्गात बोलत आले, पण शोकसभेत कधी बोलले नाही. जमेल तसं बोलते, सांभाळून घ्या.

मी मेधाची आत्या. प्रदीप माझ्या भाचीचा नवरा. आणि ज्यानं त्याला मारलं तो अजित माझा भाचा, मेधाचा सख्खा भाऊ. हे आधीच सांगितलं, म्हणजे मागच्या रांगेत कुणाला कुजबुजायला नको.

प्रदीप हडपसरला एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहायचा. त्याचं आणि मेधाचं लग्न आमच्या घरानं मानलं नाही. कारण जात. दुसरं कुठलंही कारण नव्हतं. अजितनं तर बहिणीचं नाव घेणंही सोडलं होतं.

मी कसब्यात एकटी राहते. निवृत्त झाल्यावर घराण्याची वंशावळ कॉम्प्युटरवर भरायला घेतली. अमेरिकेत माझा चुलतभाऊ शिरीष तेच करत होता, पण त्याचा प्रोग्रॅम वेगळा. माझी फाईल त्याच्याकडे उघडली की मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. नाती तर विचारू नका. माझी आजी माझ्याच वडिलांची मुलगी झाली होती. शिरीष म्हणाला, "कुणातरी जाणकाराला दाखव." मी मेधाला फोन केला.

रविवारी प्रदीप आला. चपला काढून दारातच उभा राहिला. म्हणाला, "आत्या, आत येऊ ना?"

मी म्हटलं, "कॉम्प्युटर आतच आहे."

मग तो दर रविवारी येऊ लागला. एका प्रोग्रॅममधली माहिती दुसऱ्यात जशीच्या तशी जावी म्हणून त्यानं मधला एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. एकेक नातं तपासायचा. आमच्या एका पणजीपुढं मी फक्त 'पत्नी' असं लिहिलं होतं. त्यानं विचारलं, "यांचं नाव काय?" मला माहीत नव्हतं. तो म्हणाला, "जागा ठेवतो. कळलं की भरू." आमच्या घराण्याची एवढी काळजी आमच्यातल्या कुणी केली होती?

मेधाच्या नावाशी आल्यावर तो थांबला. मी तिच्यापुढं त्याचं नाव लिहिलं होतं, खाली त्यांच्या लेकीचं. म्हणाला, "आत्या, हे सगळ्यांकडे जाणार. काढू का? मला वाईट वाटणार नाही."

मी म्हटलं, "मला वाटेल. राहू दे."

फाईल शिरीषकडे नीट उघडली. त्यानं ती सगळ्या नातेवाइकांना ईमेलनं पाठवली. अजितनंही पाहिली.

पुढच्या रविवारी अजित आला. राहिलेली नावं भरायला प्रदीप स्क्रीनकडे तोंड करून बसला होता. अजितनं विचारलं, "आमच्या वंशावळीत तुझं नाव कुणी घातलं?"

प्रदीप उठला. म्हणाला, "दादा, बसा. बोलू."

अजितनं कीबोर्ड उचलून त्याच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला. मी मधे पडले तर मला भिंतीवर ढकललं. मग तो स्वयंपाकघरात गेला आणि वरवंटा घेऊन आला. पहिला घाव खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा डोक्यावर. प्रदीप खाली पडला, तरी हा मारतच राहिला. मी ओरडत होते. शेजारी आले तेव्हा मी अजितचा दंड धरून होते आणि माझी साडी प्रदीपच्या रक्तानं भिजली होती. दवाखान्यात नेलं. तो शुद्धीवर आलाच नाही.

हे ऐकवत नाही, मला कळतं. पण घरची माणसं मला म्हणाली, "आत्या, जिन्यावरून पडला असं सांगा. पोरगा वाचेल." कुठला पोरगा? एक तर गेला होता. घरातलीच एक बाई म्हणाली, "तुम्ही त्याला घरी बोलावलंच कशाला?" अहो, मी बोलावलं ते कामाला. वरवंटा कुणी उचलला, ते विचारा.

शिरीषचाही फोन आला. "शांतता होईपर्यंत ते नाव काढून ठेवू का?" मी म्हटलं, "एक अक्षर हलवलंस तर माझं नाव आधी काढ."

मी पोलिसांना जबाब दिला आहे. अजित इथून जवळच, येरवड्याच्या तुरुंगात आहे. त्याला मी कडेवर खेळवलं आहे. रात्री झोप लागत नाही, ती दोघांसाठी. पण कोर्टात मी जे पाहिलं तेच सांगणार.

सकाळी प्रदीपच्या आईकडे गेले. सुमनताईंसमोर मान वर होईना. त्या म्हणाल्या, "तुम्ही बोला. आम्ही बोललो की लोक म्हणतात, हे बोलणारच." म्हणून मी उभी राहिले.

कोर्टात मला आधी विचारतील, मयत तुमचा कोण? मी सांगेन, माझा जावई.

आता सगळ्यांनी उभं राहू या. मेधा, तू बसूनच राहा. प्रदीपसाठी थोडा वेळ कुणीच काही बोलू नका.