अकरा नंबरचा दगड

– तसं नाही साहेब, परत टेप लावून मोजा. मघाशी टेपवर मांजर बसलं होतं, त्यानं फरक पडतो. पडत नाही? बरं. मग परत सांगा, नीट ऐकू आलं नाही. अकरा नंबरच्या हद्दीच्या दगडापासून तळ्यापर्यंत बांधकाम चालत नाही – ते मलाच काय सांगता, तो नियम माझ्याच अर्जांवरून झालाय, दोनशे बारा अर्ज, एकेकाची पोच आहे त्या ट्रंकेत. त्याच नियमानं जाऊबाईंची न्हाणी पाडली, तेव्हा मी इथंच उभी होते. टाळ्या नाही वाजवल्या. म्हणजे एकदाच वाजवली, डास होता.

आणि आता म्हणता, माझं स्वयंपाकघर आत? ओटा आत, फ्रिज बाहेर? तक्रार कुणाची – दाखवा सही. जाऊबाई. अक्षर सुधारलंय हो तिचं.

बसा ना, स्टूल घ्या. तुम्ही नवीन आहात, तुम्हाला माहीत नाही. हा दगड मुळात होता कुठे – पार तिकडे, पाण्यापासून तीन हातांवर. कारण काय? पहिल्या मोजणीदाराला ऊन लागत होतं, तो झाडाखालून उठलाच नाही, बसल्या जागी दगड पुरला. आता मला सांगा, तिथपासून घरापर्यंतचं सगळं लव्हाळं, त्यातली घरटी, ती कुणाची? कुणाचीच नाही. म्हणजे हॉटेलवाल्याची. तो तेव्हापासून टपलाय, आधी बाप होता, आता मुलगा आहे. मग काय करायचं? नकाशा तर तुमच्या ऑफिसात वाळवीनं खाल्ला, तुमच्याच मोठ्या साहेबांनी लेखी दिलं मला, नकाशा नसल्यास दगड हाच पुरावा. मी ते पत्र तीनदा वाचलं आणि यांना म्हटलं, अहो, पहार घ्या.

वर्षाला एक हात. जास्त नाही, मला लोभ नाही. दुपारी, तुमचं ऑफिस जेवून झोपतं तेव्हा. अडतीस वर्षं. यांची कंबर त्यातच गेली, डॉक्टरला सांगितलं, सिलिंडर उचलला. आता दगड भिंतीच्या कडेकडेनं इथवर आला, हे लक्षात कसं नाही आलं म्हणता? सरकवताना घराकडे पाठ असते हो. तोंड तळ्याकडे.

काय लिहिताय?

नाही, थांबा. दगड हलवला असं लिहिलं तर घर वाचतं – हे कळलं मला. दगड मूळ जागी जाणार. आणि मधली जागा? मोकळी. म्हणजे त्या हॉटेलवाल्याच्या मुलाला. सरळ विचारतेय, सरळ सांगा. हं. मान हलवली तरी पुरे.

...

याच ओट्यावर सासूबाईंनी मला भाकरी थापायला शिकवलं. कधीच गोल झाली नाही.

खोडा ते. म्हातारी आहे, काहीही बरळते, शेजारी विचारा कुणालाही, जाऊबाई तर लेखी देतील. दगड हललेला नाही. लिहा – दगड जागच्या जागी, स्वयंपाकघर अतिक्रमण, मालकीण कबूल. हळू लिहा, खाडाखोड नको, खाडाखोडीवर अपील होतं. आणा, सही कुठे करू? आणि पोच द्या. दोनशे तेरावी.

अहो, ऐकलंत का, फ्रिज राहू दे, शेगडी तेवढी बैठकीत घ्या. कंबर सांभाळून.

साहेब, जाताना लव्हाळ्यातून जाऊ नका, पायाखाली अंडी येतील, रस्त्यानं जा. आणि तो जाऊबाईंचा नवा झोपाळा बघितलात, कुंपणाजवळचा? लोखंडी आहे, सिमेंटमध्ये पाय रोवलेत. आपल्या दगडाच्या ओळीपासून किती भरतं? लावा जरा टेप.

दीड हात.

म्हणजे वर्षाला एक हात धरला तर दोन वर्षं. चला, निघा तुम्ही, मला कामं आहेत.