आईच्या घरचं विरजण

अगं, आमची सई शाळेत बॅक्टेरियांबद्दल शिकली आणि सिंगापुरात, बिशानच्या आमच्या फ्लॅटवर येऊन तिने फ्रिजमधली विरजणाची वाटी उकळत्या पाण्याने धुऊन ठेवली. "ममा, फुल ऑफ जर्म्स लाह!" तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

आई जाऊन सहा वर्षं झाली, पण तिच्या घरचं ते विरजण मी मोडू दिलं नव्हतं. मी ओट्यापाशीच रडायला लागले.

शेजारच्या चिनी आंटी धावत आल्या. सगळं ऐकून घरी गेल्या आणि दह्याचा डबा घेऊन परतल्या. "दिवाळीत तूच विरजण दिलेलंस ना? मी अजून त्याचंच दही लावते."

सई डब्यात डोकावली. "ममा, बॅक्टेरिया डिव्हाइड होत जातात. म्हणजे हे पण आजीचेच!"

आंटींचे उपकार जन्मभर विसरणार नाही मी. सईला मात्र ती वाटी धुवायला कायमची बंदी आहे.