बास म्हन की

"आत विचारलं की सगळं येतं म्हणायचं," असं रेश्मा भावाला तिसऱ्यांदा बजावत होती. पुढचा नंबर त्यांचाच होता. सोलापूरच्या त्या दिव्यांग तपासणी केंद्राचं दार नीट लागत नव्हतं, आतलं सगळं बाहेर ऐकू येत होतं. आत सांगोल्याकडची अंबुबाई आणि तिचा चौतीस वर्षांचा मुलगा धुळाप्पा बसले होते. त्याला किती मदत लागते ते मॅडम लिहून घेत होत्या. जेवढी लिहिली जाईल, तेवढीच पुढे मिळणार होती.

"आंघोळ स्वतः करतो?"

"करतो की."

"कपडे?"

"घालतो की. लई शानं हाय लेकरू."

"मग ‘मदत लागत नाही’ असं लिहिते. आंघोळीच्या वेळी तुम्ही कुठं असता?"

"न्हाणीच्या दाराशी. पानी घे म्हनलं की घेतो, साबन लाव म्हनलं की लावतो, बास म्हनलं की थांबतो."

"म्हणजे मदत लागते."

"हात न्हाय लावत वो मी! नुसतं बोलती. बोलन्याला कुटं मदत म्हनत्यात?"

"तुम्ही परगावी गेलात तर कोण बोलतं?"

"म्या कुटं जाती? ह्यो झाल्यापास्नं माहेराला बी न्हाय गेली."

"बरं. धुळाप्पा, तांब्यातलं पाणी ह्या ग्लासात ओत. मावशी, तुम्ही बोलायचं नाही."

पाणी ओतल्याचा आवाज आला. मग ते टेबलावरून फरशीवर गळायला लागलं.

"आये..."

"मावशी, बोलू नका."

"आये, बास म्हन की!"

"बास रं माज्या राजा, बास! ... मॅडम, त्ये ‘मदत लागत न्हाय’ खोडा."